सुती काहीही आणू नये

बाबा, मी बारा पोरापोरींना घेऊन बर्फात तंबू ठोकायला चालले आहे. परवा बडनेऱ्याहून गाडी आहे. तुम्ही असता तर आधी पोट धरून हसला असता, मग विचारलं असतं, "काहून, अकोल्याचं ऊन सरलं का?" आणि मग दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला, गादीचं माप घेता घेता, हेच ऐकवलं असतं. फुशारकी मारायची तुमची सवय माझ्यात पुरेपूर उतरली आहे. गेले दोन महिने मीही भाजीवालीपासून आमच्या मुख्याध्यापकांपर्यंत भेटेल त्याला थांबवून सांगते आहे. का सांगू नये? अमरावतीत मी शिकवायला लागल्यापासून दर रविवारी ही पोरं माझ्याबरोबर टेकड्या चढतात, आणि त्यांच्यापैकी कुणीही रसवंतीवरच्या लादीखेरीज बर्फ पाहिलेला नाही. तरी एकानेही माघार घेतली नाही.

तिथल्या वाटाड्याने सामानाची यादी पाठवली. सगळ्यात वर, लाल अक्षरांत, सुती काहीही आणू नये. बनियन नको, मोजे नकोत, जीन्स नको, रजई तर मुळीच नको. सुती कापड ओल धरून बसतं, ओलं झालं की ऊब देत नाही, आणि बर्फात ते जिवावर बेतू शकतं. विहाराच्या सभागृहात पालकांची बैठक होती, तिथे मी ही यादी मोठ्याने वाचली. अर्ध्याअधिक लोकांचं आयुष्य कापूस वेचण्यात, तोलण्यात, जिनिंगमध्ये गेलेलं. सगळे माझ्याकडे असे पाहू लागले की जणू मी त्यांच्याच घरातल्या कुणाबद्दल वाईट बोलले. एका पोरीची आजी उठून उभी राहिली. तिने नातीसाठी नवी रजई भरून घेतली होती, पाच किलोची, आणि ती दाखवायला बरोबरच आणली होती. "कापसानं तुमचं काय घोडं मारलं, बाई? माह्या नातीले मी बिना रजईची बर्फात धाडत नाई." ही पोर गटातली सगळ्यात तयारीची. ती गळाली असती तर तिच्या भरवशावर येणाऱ्या आणखी चार पोरी गळाल्या असत्या, आणि मग आमचं जाणंच रद्द झालं असतं.

बोलून काही होणार नाही हे मला कळलं, म्हणून पुढच्या रविवारी मी सगळ्यांना मोर्शीला नेलं, एका पालकाच्या ओळखीने, संत्र्यांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये. बाहेर माणसं घामाघूम आणि आत आमची वरात, स्वेटर, मफलर, माकडटोप्या घालून संत्र्यांच्या क्रेटांवर बसलेली. प्रत्येक पोराच्या एका पायात सुती मोजा, दुसऱ्यात लोकरीचा, दोन्ही पाण्यात बुडवून पिळलेले. पहिली पाच मिनिटं नुसता खिदळाट. वीस मिनिटांनी कुणी हसत नव्हतं. सुती मोजा काढू का म्हणून पोरं विचारायला लागली, लोकरीचा कुणीच काढला नाही. आजी शाल गुंडाळून सगळं पाहत होती. शेवटी म्हणाली, "पायाचं येगळं, रजईचं येगळं. रजईत कोणाले थंडी वाजते?"

तेव्हा मला ती गोष्ट सांगावी लागली, बाबा, जी मी कुणालाच सांगितली नव्हती. मी आठवीत आहे. चिखलदऱ्याचं शिबिर. काका, मामा, शेजारी सगळे म्हणतायत, पोरीच्या जातीला कशाला डोंगरावर पाठवता. तुम्ही कुणाचं ऐकत नाही. दुकान बंद झाल्यावर माझ्यासाठी रजई भरता, मला टाके घालायला बसवता आणि माझा टाका ढिला पडला की हातावर चापट मारता. "कापूस सरकते, पोरी. मंग मधातून थंडी घुसते." तंबूला खाली काही नव्हतं. जमिनीची ओल वर आली, दव आत आलं, आणि सकाळी रजई इतकी जड झाली होती की मला एकटीला उचलेना. दिवसभर ती झुडपांवर वाळत घातली. वरून कोरडी झाली. घरी आल्यावर तुम्ही विचारलंत, "कशी झोप लागली?" मी म्हणाले, "मस्त. घाम आला." त्या दिवसापासून तुम्ही गिऱ्हाइकांना तेच ऐकवत राहिलात. "माही पोट्टी याच कापसात झोपली चिखलदऱ्याले. घाम आला तिले, घाम!"

मी हे सगळं सांगून टाकलं. मग आजी म्हणाली, "अन् तुह्या बापाले समजलं नाई?"

"नाही."

"गादीवाला होता नं? मंग समजलंच असन. भिजलेला कापूस हाताले कयतेच."

त्या थंडीत मला चिखलदऱ्याहून परतल्याच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ आठवली. तुम्ही रजईचे टाके उसवत होता. खोळ मळली म्हणालात. खोळ धुवायला आतला सगळा कापूस अंगणात उन्हात पसरून पुन्हा पिंजावा लागतो का? मी शेजारी बसून गृहपाठ करत होते आणि मला एकदाही विचारावंसं वाटलं नाही. पुढच्या वर्षी शिबिराला निघताना तुम्ही वळकटीत ताडपत्रीचा तुकडा खोचलात, कापसाच्या गाडीवर टाकतात तसल्या जाड ताडपत्रीचा. "खाली आंथर. खोळ मळते." आणि काका-मामांसमोर पुन्हा घामाचीच गोष्ट. मला वाटायचं तुम्ही रजईची जाहिरात करताय. तुम्ही तर माझी पुढची सगळी शिबिरं पक्की करत होता. मला तुमचा इतका अभिमान वाटला की क्रेटांच्या आड जाऊन डोळे पुसावे लागले.

आजीने रजई परत नेली. नातीसाठी लोकरीची टोपी विणते आहे, आणि "तंबूखाली काय आंथरता?" हे तिने मला तीनदा विचारलं. जाड चटया घेतल्या आहेत, प्रत्येकी एक. काल बाराही पोरांनी शाळेच्या मैदानात तंबू उभे केले, हातमोजे घालून, मी एक खुंटीसुद्धा ठोकली नाही.

हे पत्र तुमच्या त्याच रजईच्या घडीत ठेवून जाईन. यादीप्रमाणे तिला काही नेता येत नाही. बारा घरांना सांगून झालं, तुम्हालाच तेवढं सांगायचं राहिलं. मला घाम आला नव्हता, बाबा. दात वाजत होते. खरं सांगितलं तर पुढच्या वर्षी तुम्ही पाठवणार नाही, अशी भीती वाटली होती.