वायपरचा इलाज

१४ ऑक्टोबर
मोलगीच्या घाटात जीप कोसळली तेव्हा आम्ही जे ॲम्ब्युलन्सवाले दरीत उतरलो होतो, त्या सगळ्यांना आज समुपदेशक मॅडमनी बोलावलं. त्या डोळ्यांसमोर बोट डावी-उजवीकडे फिरवतात. आपण नजर फिरवत तो प्रसंग आठवायचा. म्हणे भीती उतरते. मी स्पष्ट सांगितलं, मला भीती नाही. झोप लागत नाही ती उकाड्याने. घाट टाळून लांबून जातो, कारण तो रस्ता चांगला आहे.

१६ ऑक्टोबर
विषय मोबाइलवर पाहून पूर्ण समजून घेतला. बोटच पाहिजे असं काही नाही, हलती वस्तू पुरे. सौ.ला उलथनं फिरवायला बसवलं. वेग चुकत होता, सारखं सांगावं लागलं. म्हणाली, "मन्हा हात दुखी ऱ्हायना. तुम्हीच फिरवा नि तुम्हीच देखा!" शास्त्राला घरात किंमत नाही.

१९ ऑक्टोबर
वायपर! एकसारखा वेग, तक्रार नाही. उभ्या गाडीत कोरड्या काचेवर चालवून नजर फिरवली. प्रसंग आठवायचा भाग गाळला. उगाच कशाला? डोळे जड झाले. गुण आला. आमच्या गाडीवरच्या डॉक्टर काजल मॅडम म्हणाल्या, "चुनीलालभाऊ, एकदा त्या मॅडमकडे जाऊन या ना." मी म्हटलं, बरा झालेला माणूस कशाला जाईल?

२३ ऑक्टोबर, सकाळ
मोलगीच्या वरच्या पाड्यावरून कॉल. कालीबाई, पहिलटकरीण, अडली आहे. लांबून जायला वेळ नाही. घाटानेच. मी तयार. तळहाताला घाम आहे, तो स्टिअरिंगच्या कव्हरमुळे.

२४ ऑक्टोबर
कालचा तपशील. चढताना आपण डोंगराच्या बाजूला, दरी दिसत नाही. उत्तम चालवली. उतरताना, जीप कोसळली त्या वळणावर दरी आपल्या बाजूला आली. मी वायपर लावला. ऊन लख्ख. मागून काजल मॅडम ओरडल्या, "भाऊ, पानी कोठे शे?" मी नजर फिरवत होतो. डावीकडे, उजवीकडे. मग काचेत ती जीप दिसली. उलटी. त्या दिवशी दरीत तिचाही वायपर चालूच होता. हे आजवर कुठे लिहिलं नाही.

गाडी थांबली. मी थांबवली की कसं, सांगता येत नाही. पाय ब्रेकवरून निघेना. कालीबाई कण्हत होती, मॅडम हाका मारत होत्या, मला सगळं लांबून ऐकू येत होतं. शेवटी कालीबाईचा नवरा नवलसिंग पुढे आला. बाजाराची जीप चालवतो. मला दंडाला धरून उठवलं आणि गाडी त्यानेच खाली आणली. दुसऱ्या गिअरमध्ये फार रेटतो.

मी मागे बसलो. कळा येत होत्या तरी कालीबाईने माझा हात धरून ठेवला आणि तिच्या बोलीत काहीतरी म्हणाली. मी मॅडमना विचारलं, फार दुखतंय का तिला? मॅडम म्हणाल्या, ती तुम्हालाच म्हणतेय, भिऊ नको, पोहोचलो आता.

मुलगी झाली. दोघी सुखरूप.

सोमवारी समुपदेशक मॅडमकडे जातोय. बसने. खिडकीची जागा नको.