पडद्यावरचा डाग

प्रिय चिमणे,

एकोणीस वर्षांनी या नावाने हाक मारतोय, रागावू नकोस. प्रयोगशाळेत सगळेच तुला चिमणी म्हणायचे, कारण तू मान वाकडी करून कॅमेऱ्यातली चित्रं बघत बसायचीस. तुझं स्टूल अजून आहे. त्यावर आता रद्दी ठेवतात.

लेझर नवा आला, पण खेळ तोच. वायूच्या फवाऱ्यावर लेझरचा निमिषभराचा झोत मारायचा. अणूंमधले इलेक्ट्रॉन मोकळे होऊन वायूचा प्लाझ्मा होतो, होडीमागे उठावी तशी त्यात लाट उठते आणि नशीबवान इलेक्ट्रॉन तिच्यावर बसून सुसाट सुटतात. चुंबकाने वळवल्यावर पडद्यावर त्यांचा नेहमी फराटा उमटायचा, कारण कुणी वेगात तर कुणी रेंगाळलेला. एका दुपारी तू धावत आलीस, म्हणालीस, सर, फराटा नाही, एकच ठिपका, सगळे एका वेगाचे! मी म्हटलं, पडद्यावर डाग पडलाय, पूस. आठवडाभर तू पडदा पुसत होतीस. मग सगळ्यांसमोर मी म्हणालो, घरी तीन वर्षांची पोर, झोपेचं खोबरं, हिला नाही नाही ते दिसणारच. सगळे खो खो हसले. महिन्याभरात तू काम सोडलंस. आता शिकवण्या घेतेस म्हणे. चांगलं आहे, तेवढं तुला झेपतं.

खरं सांगतो, आणि सांगताना मला मुळीच लाज वाटत नाही. डाग जागचा हलत नसतो. तुझा ठिपका मात्र लेझरच्या दर झोताला थोडासा सरकत होता. ते मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. तू गेल्यावर दोन वर्षं गप्प बसलो आणि तुझ्याच वहीतला वायूचा दाब लावून तो ठिपका पुन्हा मिळवला. आज जे काही माझं नाव आहे ते त्यावर.

आता एका मोठ्या सन्मानासाठी निवड समितीने मूळ वही मागितली आहे. अक्षर तुझं आहे, तारखाही आहेत. म्हणून सोबत एक कागद जोडलाय. नोंदी सरांनी सांगितल्या, मी फक्त उतरवून घेतल्या, एवढंच त्यात लिहिलंय. सही करून शुक्रवारपर्यंत पोचव. तुझ्या लेकीचा अर्ज माझ्या टेबलावर आहे. तिला याच प्रयोगशाळेत यायचंय, या विषयाची गोडी आईने लावली असं लिहिलंय तिने. फोटोत तिचीही मान वाकडीच आहे. मुलाखत सोमवारी आहे आणि प्रश्न मी विचारणार आहे.

तुझाच,
सर