उलट्या फुलांचा पडदा

ता. २

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आधी बसून घे, मग वाच. मला परदेशात नोकरी लागली. मोठ्या बंगल्यात घरकाम, घरात दोनच माणसं आणि मला स्वतंत्र खोली. नोकरी मिळवून देणाऱ्या बाई इतक्या प्रेमळ, की आईसुद्धा त्यांना मावशी म्हणायला लागली. माझी कागदपत्रंही त्यांनीच सांभाळायला नेलीत. सोळा तारखेला निघायचंय. कधी नव्हे ते माझं नशीब तुझ्यापुढे गेलं.

तुझी,
धाकटी

ता. ६

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

जळफळाट झाला, लपवत नाही. मी सात वर्षं पडद्यांच्या दुकानात मशीन चालवतेय, राहायला चौघींत एक खोली. आणि जिला बटण लावता येत नाही, तिला बंगला! मालकिणीचं नाव नाही, पत्ता नाही. मी मागोमाग येईन म्हणून लपवतेस की काय? खोलीचा फोटो असेल तर धाड, बघू तरी राणीसाहेबांचा महाल.

ताई

ता. १०

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्ता तिथे पोचल्यावर मिळेल. जास्त चौकशा केल्या तर जागा दुसरीला जाईल, असं मावशी म्हणतात. फोटो सोबत आहे. निळा पडदा बघ आणि गार पाणी पी.

धाकटी

ता. १५

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

ही खोली कुठल्याही बंगल्यातली नाही. आमच्या दुकानाच्या दर्शनी काचेमागे मांडलेली आहे. भिंत खोटी, खिडकी खोटी, पडदा मी शिवलेला. घाईत उजवा भाग उलटा कापला गेला आणि फुलांची तोंडं जमिनीकडे गेली. मालकांनी सगळ्यांदेखत झापलं होतं. फोटोत नीट बघ.

एक कबूल करते. फोटो कालच मिळाला, पाहताक्षणी ओळखला आणि दिवसभर गप्प बसले. वाटलं, जाऊ दे, उतरू दे जरा तोरा. आज पहाटे उठून लिहायला बसले. तू म्हणशील, ताईला बघवत नाही. खरंच बघवत नव्हतं. तरी त्या बाईंबरोबर घराबाहेर पाऊल टाकू नकोस. शेजारच्या शिक्षिकाबाईंना घेऊन पोलीस चौकीत जा. टपालाच्या भरवशावर न राहता पत्र बसच्या ड्रायव्हरकडे देतेय.

ताई

ता. २०

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र आलं तेव्हा बॅग दारात होती. मी चिडले, म्हटलं हिला माझं चांगलं कधी बघवलंय? आईने फोटोतल्या फुलांवरून बोट फिरवलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि दाराला कडी घातली. मग शिक्षिकाबाईंबरोबर आम्ही चौकीत गेलो.

ती बाई सापडली. तिच्या पिशवीत माझ्यासकट सहा मुलींची कागदपत्रं होती आणि प्रत्येकीच्या कागदांना हाच फोटो टाचलेला. सातवीचं नुसतं नाव वहीत होतं. तिला गेल्याच महिन्यात परदेशी पाठवलं. चौकीतले लोक तिचा शोध घेताहेत. तिच्यावर जळणारं कुणी नसावं.

तू एक दिवस गप्प बसलीस, त्याचा राग आहे आणि काही दिवस राहील. तरी लोभ कमी करू नकोस. माझ्यावर अशीच जळत राहा.

तुझी,
धाकटी