खाऱ्या पेटीत गोडं पाणी

चिंचणी, ता. डहाणू
दि. १९ नोव्हेंबर १९६१

चि. रामूस,

तुझ्या बापाचे पोटभर आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. तू मुंबईच्या गोदीत सांभाळून काम करत असशील असं धरून चालतो. खोली मिळाल्याचं तुझं पत्र आलं, वाचून बरं वाटलं. मी हिंडूफिरू लागलो की तू नर्मदाला न्यायचं असं आपलं ठरलं होतं, म्हणून पाय कसा आहे ते विचारलंयस. पाय आहे जागेवर. त्याचं मागाहून लिहितो. आधी तुझ्या बायकोचे प्रताप ऐक.

होडी लोटताना पाय ओंडक्याखाली सापडला तेव्हापासून मी ओटीवर खाटेला खिळलेला. समुद्राचा आवाज कानावर यायचा, पण दिसायचं काय, तर शेजारच्या सोमीआत्याच्या घराची भिंत. जेवणावरची वासना उडाली होती. जो समोर येईल त्याच्यावर खेकसायचो. एके दिवशी नर्मदा येऊन म्हणाली, "बाबा, लग्नानंतर ह्यांनी मला मुंबईत काचेतले मासे दाखवले होते. आपण घरात तसं करू या?"

मी म्हटलं, "अगं, आपल्या घरात मासा कालवणात असतो, काचेत नाही!"

पण ऐकते कसली! काकड्या सुताराला बोलावून जुन्या होडीच्या फळ्यांची पेटी करवली आणि समोरच्या बाजूला दुकानातल्या मोडक्या कपाटाची काच बसवली. पेटी गळायला लागली, तेव्हा मात्र मला राहवेना. खाटेवर बसल्या बसल्या मीच फटींत कापूस ठोकला, वरून राळ आणि तेल चोपडलं. होडीला करतो तस्संच. थेंब गळत नाही आता. मग तिने आठवडाभर ती पेटी नुसत्या पाण्यात भिजवली, सात वेळा वाळू धुतली, खडकातले शेवाळलेले दगड आणून मांडले. घाई म्हणून नाही. मीच आपला "मासे कधी, मासे कधी" म्हणून तिच्यामागे लागलो होतो.

पहिला मासा माझ्या हट्टाचा, बोंबील. आपल्या होडीवरच्या तुक्याने जाळ्यातून काढून धावत आणला, तरी दारात पोचेपर्यंत त्याचा कारभार आटोपला होता. मग मी बोय माशाची पिल्लं मागवली आणि सोबतीला एक बोटभर गोबरा, दिसायला रुबाबदार म्हणून. रोज एक पिल्लू कमी! मी सोमीआत्याच्या मांजराला शिव्या घालतोय, आणि ही काचेला नाक लावून बसलेली. म्हणाली, "बाबा, मांजर नाही. गोबऱ्याचं पोट बघा."

त्यानंतर माशांची निवड तिने आपल्या हातात घेतली. ज्याच्या तोंडात दुसरा मावेल तो नको. एक तळाला राहणारा घ्यायचा, एक मधे फिरणारा. तळाशी राहणाऱ्या दोन खरब्या एका दगडासाठी भांडायला लागल्या, तर तिने दुसरा दगड आणून टाकला, भांडण संपलं! चिंबोरीला तर दारातूनच परत पाठवली. आणि तो गोबरा तिने तुक्याला समुद्रात सोडायला लावला. चांगला वाढला असता, कालवण झालं असतं. आत्याने कपाळावर हात मारून घेतला. खरं सांगू का रामू, आपण मासा ओळखतो तो टोपलीतला. त्याचा स्वभाव काय, त्याचं कुणाशी पटतं, हे मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. कैनाडच्या वाडीत भेंड्या खुडत वाढलेली पोर आपल्या घरात आली तेव्हा तिला मांदेली कुठली आणि बोंबील कुठला ते कळत नव्हतं!

मग मासे मलूल झाले. उन्हाने पेटीतलं पाणी कमी व्हायचं, तेवढं मी तुक्याकडून समुद्राचं आणून भरायचो. समुद्राच्या माशाला समुद्राचंच पाणी, यात चूक ती काय? तरी मासे कोपऱ्यात धापा टाकत पडलेले. आणि ही बया विहिरीचं गोडं पाणी घेऊन आली! मी ओरडलो, "मारतेस काय त्यांना?" तिने काचेच्या कडेवरची पांढरी पूड बोटाने काढून माझ्या जिभेवर ठेवली. मीठ! "पाणी उडून जातं बाबा, मीठ थोडंच उडतं? मिठागरात काय होतं मग?"

शेजारी जन्मभर मिठागर बघितलं मी. तरी हे डोक्यात आलं नव्हतं.

शंकराच्या पिंडीवर गळती लावतात ना, तसं तिने पेटीवर भोक पाडलेलं मडकं टांगलं. थेंब थेंब गोडं पाणी पडतं, थेंबाने माशांना वारा मिळतो, आणि पाणी काचेवरच्या खुणेशी आलं की भोकात बोळा. तिसऱ्या दिवशी मासे पोहायला लागले आणि मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. गावातली माणसं बघायला येतात. सगळ्यांना मी सांगतो, माझ्या सुनेने केलंय. बाई भारी आहे, रामू. तुझ्या आईनंतर घरात एवढं हसू आलं नव्हतं.

तुझं खोलीचं पत्र मीच तिला वाचून दाखवलं. तिने एवढंच विचारलं, "खोलीला खिडकी आहे का हो?" मी म्हटलं, तसं काही लिहिलेलं नाही. "असू दे, बाबांचा पाय बरा व्हायचाय अजून," असं म्हणून चुलीकडे वळली. तिचा चेहरा मी पाहिला. पाहायला नको होता.

आता पायाचं लिहितो. मला चालता येतं. दिवाळीपासून येतं. ती बाजाराला गेली की मी काठी घेऊन उठतो, विहिरीवरून कळशीत थोडं पाणी आणतो, मडकं भरतो, माशांशी चार गोष्टी बोलतो. ती यायच्या आत खाटेवर येऊन कण्हत पडतो. लबाड म्हातारा म्हण. ती गेल्यावर हे घर खायला उठेल, याची भीती वाटली रे. समुद्राची कधी वाटली नाही एवढी.

परवा ती बाजारातून परत आली. मडक्यात डोकावली. काठोकाठ भरलेलं. मग माझ्या पायांकडे पाहिलं, विहिरीवरचा चिखल होता त्यांना. "चहा ठेवते," म्हणाली आणि आत गेली.

तिला कळलंय रामू. कधीपासून, देव जाणे. एका शब्दात मोकळी झाली असती, पण मला खोटं पाडलं नाही तिने. तुलाही कळवलं नाही ना? माझी खात्री आहे.

तेव्हा शनिवारच्या गाडीने ये आणि तिला घेऊन जा. नको म्हणाली तरी ऐकू नकोस. जेवणाचं आत्या बघेल, माशांचं मी बघतो. आणि हो, खोलीला खिडकी नसेल तर दुसरी खोली शोध.

हे पत्र मी तुक्याच्या हाती देणार नाही. आज बाजार आहे, नर्मदा भाजी घ्यायला गेली आहे. भर बाजारातून, तिच्यासमोरून चालत जाऊन मी हे पोस्टाच्या पेटीत टाकणार आहे. म्हणजे मग मला परत खाटेवर पडायची सोय उरणार नाही.

उठतो आता.

तुझा बाप,
नारू तांडेल