बांडी गाभडली तेव्हा

खालापूर, ता. ८ जानेवारी १९७९
चि. सौ. जनीस आईचे पोटभर आशीर्वाद.
वि. वि. संक्रांत झाली की आबा तुला बाळंतपणासाठी आणायला येणार होते. ते येणार नाहीत. आधी रागावू नकोस, पत्र पुरतं वाच.
आपली बांडी शेळी गाभडली गं. दोन पिलं, अंगावर लव आलेली, पण जीव नाही. मी किती वेळ पुसत बसले. गावात नजर लागली म्हणतात. आबांनी गुरांच्या डॉक्टरांना आणलं. त्यांनी पिलं मुंबईला तपासायला पाठवली होती, काल उत्तर आलं. डोळ्यांना न दिसणारा परोपजीवी असतो म्हणे. मांजराच्या घाणीतून पेंढ्यात येतो, शेळीच्या पोटात जातो आणि तिथून वारेतून पिलाला लागतो. आई वरून धडधाकट दिसते. पोटुशी बाईनं या गोठ्याकडे फिरकू नये, कच्चं दूध तोंडाला लावू नये, असं त्यांनी मला दोनदा बजावलं.
पहिलटकरीण लेक, आणि मीच तिला येऊ नको म्हणते. समजून घे.
तुझी वाट न बघणारी,
आई

कर्जत, ता. १३ जानेवारी १९७९
तीर्थरूप आईस जनीचा साष्टांग नमस्कार.
वि. वि. पत्र वाचून आधी रडले, माझंच काही चुकलं असेल असं वाटलं. मग आठवलं. दिवाळीत तू बांडीची धार काढून ऊन ऊन पेला हातात दिलास, आणि मी आणखी मागून घेतला होता. तो पेला आता डोळ्यांपुढून हलत नाही.
सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी लगेच पदर खोचला आणि मला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. रक्त मुंबईला गेलंय. बाळ हाललं की बरं वाटतं, थांबलं की जीव थाऱ्यावर राहत नाही.
मला तुझ्याकडे येता येत नाही तर तूच ये ना. सासूबाई म्हणाल्या, विहीणबाईंना लिव, लेकीच्या घरचं पानी चालत नसंल तर आपली घागर घेऊन या, पन या.
लोभ आहेच, तो घेऊन लवकर ये.
तुझी,
जनी

कर्जत, ता. २६ मार्च १९७९
जनीच्या आबांस भागूचा नमस्कार.
वि. वि. रक्ताचं चांगलं उत्तर आलं तेव्हा तुम्हांला कळवलंच होतं. तरी माझ्या मनातली धास्ती गेली नव्हती. दिवसभर तिला हसवायची आणि मागच्या पडवीत जाऊन डोळे पुसायची.
काल जनीला मुलगी झाली. रडली ती अशी की शेजारची माणसं दारात आली. या रोगानं बाळाचे डोळे अधू होतात असं ऐकलं होतं, म्हणून मी दिवा हळूच इकडून तिकडे नेला, तिचे डोळे दिव्यामागं आले. डॉक्टरीणबाईंनीही नीट तपासलं, काही दोष नाही म्हणाल्या. मग विहीणबाई सोनुबाई आणि मी एकमेकींच्या गळ्यात पडून रडलो. जनी म्हणते, बाळंतीण मी का तुम्ही दोघी.
बांडीला खाटकाला देऊ नका. त्या बिचारीनं काही मुद्दाम केलेलं नाही. पेंढा झाकून ठेवा.
तुमची,
भागू

खालापूर, ता. ३० मार्च १९७९
सौ. भागूबाईस अनेक आशीर्वाद.
वि. वि. पत्र वाचलं आणि गावभर सांगून आलो. खाटीक दोनदा येऊन गेला, दोन्ही वेळा परत पाठवला. डॉक्टर म्हणाले, एकदा गाभडलेली शेळी पुढच्या वेळी बहुतेक चांगली पिलं देते. बांडी दिवसभर तुझ्या वाटेकडे तोंड करून ओरडते. माझ्या हातची भाकरी तिलाही आवडत नाही.
रविवारी येतो. जनीच्या आधीची तुझी दोन बाळं गेली तेव्हा तुला किती बोलणी बसली, ते काल गोठा झाडताना सारखं आठवत होतं. शेळीला डॉक्टर आला, तुला कोण आलं होतं?
रिठ्यानं अंघोळ करून, नवा सदरा घालून येईन. तरी गोठ्यातला माणूस मी. दारातूनच बघा म्हणालीस, तर दारातूनच बघेन नातीला.
तुझा,
आबाजी