बाबाच्या ओळखीचा माणूस

छकुलीच्या आईस,

मी इथे ठणठणीत आहे. वेल्डिंगच्या ठिणग्यांनी शर्टाची पार चाळण झाली, कातडी मात्र शाबूत. तुझा गुडघा कसा आहे?

पोरीचा फोन काढून घेतलास, ते कळलं. परत दे. चूक तिची नाही. नवा फोन मी पाठवला आणि कौतुकाच्या भरात तिचा गणवेशातला फोटो नंबरासकट मीच इंटरनेटवर जगासमोर टाकला. वर तिला बजावलं, "माझे मित्र मेसेज करतील, नीट बोल." मग 'बाबाच्या ओळखीचा' म्हणवणाऱ्या त्या भामट्याने तिच्याकडे फोटो मागितले, तेव्हा ती नाही कशी म्हणणार?

मोठ्यांना उलट बोलू नये, एवढंच आपण शिकवलं. नाही म्हणायला शिकवायचं राहूनच गेलं.

धीर करून तिने तुला सांगितलं आणि फळ काय, तर फोन जप्त! पुढच्या वेळी सांगेल का गं ती?

मी टाकलेला फोटो काढलाय. त्या माणसाची तक्रारही केली. तरी हातातलं काम चुकतं.

रविवारी मित्राच्या, तिला अनोळखी असलेल्या नंबरवरून फोन करीन. तिलाच उचलू दे, आणि मलाही दरडावून विचारू दे, "कोण तुम्ही?" मला मुळीच राग येणार नाही.

छकुलीचा बाबा