चौथ्या खांबाखालचा चिखल

मनिला, बुधवार, ४ सप्टेंबर १९९६

कुया क्रिसांतो,

तुझं पत्र पोचलं. आईचा खोकला उतरला, बरं झालं. तू धाडलेली सुकी मासळी खोलीतल्या मुलींनी दोन दिवसांत फस्त केली.

धक्क्याच्या टोकावरच्या तुझ्या खोलीचं दार लागेना म्हणून दोनदा रंधा मारलास, असं तू सहज लिहिलंयस. पावसानं लाकूड फुगलं असेल म्हणतोस. दादा, लाकूड फुगलेलं नाही.

धक्का बांधायच्या आधी आमची होडी पाहणीला आली होती, तेव्हा तू किनाऱ्यावरून ओरडलास, "काय गं, चिखलाशी गप्पा मारतेस?" काम तसंच आहे. यंत्र पाण्यात आवाज सोडतं. तो चिखलात शिरतो, खालच्या घट्ट थरावर आपटून परत येतो. किती वेळानं आला, किती क्षीण होऊन आला, त्यावरून चिखलाची जात कळते. सगळीकडून आवाज परत आला. आज जिथं तुझ्या खोलीखालचा चौथा खांब आहे, तिथून आला नाही. चार फेऱ्या मारल्या, कागदावर नुसता काळा डाग. तिथल्या चिखलात वायू भरलाय, तो आवाज गिळतो. घट्ट थर किती खोल आहे कुणालाच ठाऊक नाही. खांब त्यावर टेकलेलाच नसेल, तो खचतोय, म्हणून तुझं दार अडतंय.

बॉस एव्हारिस्तो म्हणाले, "यंत्र बिघडलं असेल. शेजारच्या फेरीतल्या रेघेचे आकडे तिथं उतरव."

"भोक पाडून बघू या ना, सर."

"त्यात दोन महिने जातील. भावाला तिथं पहारेकरी म्हणून लावायचंय ना तुला?"

हे तुला कधी सांगितलं नाही. आकडे मी उतरवले. खाली सही माझीच आहे.

तुझं पत्र वाचल्यावर मूळ कागद काल बंदर कचेरीत दिला. कारकून म्हणाला, "सणानंतर बघू." आज सकाळी मला कामावरून काढलं.

रविवारी सणाला होडीतून येणारी माउलीची मूर्ती उतरवून घ्यायला सगळा गाव धक्क्यावर उभा राहील. कुणाला जाऊ देऊ नकोस. फादर आन्सेल्मो चिडतील; सोबत मूळ कागदाची नक्कल आहे, ती त्यांना दाखव. कोण म्हणतं विचारलं तर माझं नाव सांग. आईपाशी मला पाठीशी घालू नकोस.

टपालाचा भरवसा नाही, म्हणून हे बसवाल्या नोनॉयच्या हाती देतेय. शनिवारी मी येते. लोक बोलतील ते ऐकून घेईन.

त्या खोलीत बसून हे वाचत असशील, तर आधी ऊठ.

तुझी धाकटी,
रेमेडिओस